चखणा नंतर, आधी चाखणं: घरच्या क्राफ्ट बिअरच्या बैठकीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात आमची सहा जणांची टोळी दर दोन-तीन महिन्यांनी कुणा एकाच्या घरी जमते, पाच बिअर घोट घोट चाखते आणि त्यावरून भांडते. हे कळलं की लोक प्रश्न विचारतात, आणि बहुतेक वेळा तेच ते विचारतात. म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली.

नेहमीच्या ‘बसण्या’त आणि यात फरक काय?

‘आज बसायचं का?’ या प्रश्नात बिअर असते, पण तो प्रश्न बिअरबद्दल नसतो. बसायला गेलेला माणूस मॅचसाठी, गप्पांसाठी, क्वचित रडायलाही गेलेला असतो. ग्लासात काय आहे याच्याशी त्याचं फारसं देणंघेणं नसतं. त्यात वाईट काही नाही, आम्हीही बसतो. चाखायच्या दिवशी मात्र विषय ग्लासातच असतो. घोट लहान, मोबाइल लांब, आणि प्रत्येकाला दोन वाक्यं बोलावी लागतात. ‘मस्त आहे’ हे उत्तर आमच्याकडे बाद धरतात.

किती जण आणि किती प्रकार?

सहा जण, पाच प्रकार. याच्यापुढे जाऊ नका. पहिल्या वेळी उत्साहाच्या भरात मी अकरा प्रकार मांडले होते. सातव्यानंतर कुणालाच काही कळेनासं झालं आणि सगळ्यात महागडी स्टाऊट (जड, भाजक्या चवीची बिअर), जी मी शेवटी राखून ठेवली होती, ती ‘काळी आहे’ एवढ्या शेऱ्यावर संपली.

हिशेब सोपा आहे. ५०० मिलीचा एक कॅन सहा जणांत वाटला तर प्रत्येकाला साधारण ८० मिली येते. ३३० मिलीच्या दोन बाटल्या फोडल्या तर ११० मिली. पाच प्रकारांचे मिळून माणशी अर्धा लिटरच्या आसपास. चव कळायला एवढी पुरते, आणि शेवटच्या प्रकारापर्यंत डोकंही जागेवर राहतं.

बिअर आणायची कुठून?

२००९ मध्ये पुण्यात डूलाली ही मायक्रोब्रुअरी, म्हणजे जागेवरच बिअर बनवून विकणारं ठिकाण, सुरू झाली तेव्हा ‘ताजी बिअर’ हा शब्दच लोकांना गमतीचा वाटायचा. आता परिस्थिती बरीच बरी आहे. पुण्यात इंडिपेंडन्स, एफिंगट, ग्रेट स्टेट एलवर्क्स, मुंबईची गेटवे, गोव्याची गोवा ब्रुइंग कंपनी अशी नावं दुकानाच्या फ्रिजमध्ये किंवा त्यांच्या स्वतःच्या नळावर भेटतात. प्रत्येक शहरात सगळं मिळेल असं नाही, पण पाच प्रकार जमवायला दोन दुकानं आणि एक मायक्रोब्रुअरी पुरतात.

दुकानात गेल्यावर लेबलावरच्या चित्राआधी कॅनच्या बुडाशी छापलेली तारीख बघा. आयपीएसारखी (इंडिया पेल एल) हॉप्सच्या, म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणाऱ्या फुलांच्या, वासावर जगणारी बिअर दोन-तीन महिन्यांत फिकी पडते; सहा महिन्यांपूर्वीची आयपीए म्हणजे मागच्या दिवाळीतला चिवडा. ट्यूबलाइटखाली उघड्या फळीवर मांडलेली हिरवी बाटली घेऊ नका, कारण खाली एका प्रश्नात सांगितलंय.

मायक्रोब्रुअरीतून ग्राउलरमध्ये, म्हणजे घट्ट झाकणाच्या मोठ्या बाटलीत, नळाची बिअर घरी नेता येते. २०२० च्या टाळेबंदीत राज्यात ही सोय सुरू झाली आणि आमच्यासारख्यांचं भलं झालं. ही बिअर पाश्चराइज केलेली नसते, म्हणून थंडच ठेवायची, दोन-तीन दिवसांत संपवायची आणि एकदा उघडली की त्याच रात्री. आणि ती स्कूटरच्या पायाशी ठेवून सिंहगड रस्त्याने आणू नये. मी आणली. स्वयंपाकघरात झाकण फिरवलं आणि अर्धा लिटर व्हीट बिअर थेट पंख्याला लागली. घरी आणल्यावर निदान तीन-चार तास फ्रिजमध्ये उभी ठेवा, मगच हात लावा.

पहिल्यांदाच करतोय. कोणते पाच घेऊ?

एक पिल्सनर किंवा चांगली लागर, एक बेल्जियन धाटणीची विटबिअर, एक जर्मन धाटणीची हेफेवायझन (या दोन्ही गव्हाच्या, म्हणजे व्हीट बिअर), एक आयपीए, एक स्टाऊट. याच क्रमाने. हलक्याकडून जडाकडे, कमी कडूकडून जास्त कडूकडे. आयपीए आधी घेतली तर तिच्यानंतरची पिल्सनर पाण्यासारखी लागते आणि बिचारीवर अन्याय होतो.

लागरला नाक मुरडू नका. १८४२ मध्ये बोहेमियातल्या (आजचं चेक प्रजासत्ताक) पिल्झेन गावात योझेफ ग्रोल नावाच्या बव्हेरियन ब्रुअरने पहिली सोनेरी पिल्सनर काढली आणि आज जगभर जी पिवळी बिअर पितात ती बहुतेक तिचीच लांबची नातवंडं आहेत. लांबची म्हणजे फारच लांबची, पण नाक तेच.

खास ग्लास विकत घ्यायचे का?

नको. टपरीवरचा कटिंग चहाचा काचेचा ग्लास घ्या. शंभर मिलीच्या आसपास मावते, पारदर्शक असतो, फुटला तर हळहळ नाही. माणशी दोन ग्लास ठेवले तर दोन बिअर शेजारी ठेवून तुलना करता येते. स्टीलचे पेले नकोत, रंगच दिसत नाही.

खरी भानगड ग्लास कसा आहे यापेक्षा किती स्वच्छ आहे याची असते. काल त्यात दूध प्यायलं असेल किंवा तो पोळपाट पुसायच्या फडक्याने पुसला असेल तर तुपातेलाचा अदृश्य थर राहतो आणि फेस मिनिटभरात बसतो. खाण्याच्या सोड्याने घासा, भरपूर पाण्याने विसळा, पालथा घालून आपोआप वाळू द्या. खात्री करायची असेल तर ओल्या ग्लासात आतून चिमूटभर मीठ भुरभुरवा. सगळीकडे सारखं चिकटलं तर ग्लास स्वच्छ. मधेमधे टकलं दिसली तर तिथे चिकटपणा आहे.

फेस यावा की येऊ नये?

यावा. दोन बोटं. आपल्याकडे फेस म्हणजे दुकानदाराने केलेली फसवणूक असा समज आहे, म्हणून ग्लास आडवा धरून थेंबभरही फेस न आणता ओतणारे वस्ताद प्रत्येक टोळीत असतात. पण वास फेसातूनच वर येतो, आणि तोच गॅस ग्लासात न सुटता पोटात गेला की नंतर ढेकरा. अर्धा ग्लास तिरका धरून भरा, उरलेला सरळ करून.

एकदम चिल्ड प्यायची ना?

लागर हो. बाकीच्या नाहीत. फ्रिजमध्ये साधारण ४ अंश असतात. तेवढ्या थंडीत जीभ बधिर होते आणि वास दबून राहतो. व्हीट बिअर पाच-सात मिनिटं आधी बाहेर काढा, आयपीए दहा, स्टाऊट वीस. मे महिन्यात नागपूरला असाल तर हे सगळे आकडे निम्मे करा. फ्रीझरमध्ये कॅन ठेवून विसरणं हा तर राष्ट्रीय खेळ आहे. तो फुटल्यावर आइस ट्रेपासून मटारपर्यंत सगळं धुवावं लागतं.

घरात आणखी काय तयारी?

संध्याकाळची उदबत्ती. तिच्यावर माझा एवढाच आक्षेप आहे की चंदन आणि हॉप्स एका खोलीत नांदत नाहीत. दिवेलागण लवकर उरकून खिडक्या उघडा. अत्तर, डिओ, गजरा, रूम फ्रेशनर, यांपैकी काहीही नको, हे आमंत्रणातच सांगा. हिंगाची फोडणी निदान दोन तास आधी. टेबलावर पांढरा कागद अंथरा म्हणजे रंग कळतो. पाण्याचा तांब्या, घोट टाकून द्यायला एक पातेलं, आणि तोंड कोरं करायला साधे मुरमुरे किंवा पाव. टाकून देणाऱ्याला हसायचं नाही, हा नियम.

मला चव कळते, पण सांगता येत नाही. काय करू?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. अडचण जिभेची नाही, शब्दांची आहे. कॅनवर छापलेलं असतं ‘पाइन’, ‘ग्रेपफ्रूट’, ‘बिस्किट’, ‘टॉफी’. पाइनचं झाड आपल्यापैकी कितींनी हुंगलंय? मग आपण मान डोलावतो, आणि एकदा खोटी मान डोलावली की पुढे चाखणं संपतं.

आपल्या स्वयंपाकघरात याहून नेमके शब्द पडलेले आहेत. ग्रेपफ्रूट म्हणतात ते बऱ्याच आयपीएंत मला पपनसाच्या सालीसारखं लागतं, आतल्या पांढऱ्या कडसर पापुद्र्यासकट. कधी ईडलिंबू, कधी गवती चहा, कधी कैरी उतरवल्यावर देठातून येणाऱ्या चिकाचा तो झोंबरा वास. माल्टसाठी तर मराठीत ‘खमंग’ हा शब्दच आहे. बार्ली भिजवून, मोड आणून, भट्टीत वाळवायची म्हणजे माल्ट. जितकं जास्त भाजाल तितका रंग काळा. फिकट माल्ट म्हणजे नुकती फुललेली ज्वारीची लाही, अंबर म्हणजे भाजणी, तपकिरी म्हणजे काकवी, आणि काळा म्हणजे तव्यावर विसरलेली भाकरी. तुरट, आंबूस, कडवट, कडसर, उग्र, मचूळ: यातला प्रत्येक शब्द वेगळी गोष्ट सांगतो.

मागे एका मित्राकडे जमलो होतो. स्टाऊटवर सहा जण दहा मिनिटं ‘कॉफी’, ‘चॉकलेट’, ‘स्मोकी’ करत होते. त्याची आई चकलीची ताटली ठेवायला आली. आयुष्यात कधी थेंब न घेतलेली बाई. मी ग्लास पुढे केला, म्हटलं, “काकू, नुसता वास घ्या.” त्यांनी पदर सावरत लांबूनच नाक नेलं आणि म्हणाल्या, “अरे, भाजणीतले उडीद लागलेत.” परत हुंगून पाहिलं. उडीदच. करपायच्या एक पाऊल अलीकडचे. आम्ही वहीत तेच लिहिलं.

तेव्हापासून आम्ही टेबलाच्या मधोमध वाट्यांचं ताट ठेवतो: लवंग, धने, गूळ, भाजलेले दाणे, कॉफीच्या बिया, संत्र्याची साल, मध, चिंच, भाजलेलं नाचणीचं पीठ. अडलं की वाटी हुंगायची आणि परत ग्लास. मिसळणाचा डबा मात्र उघडून ठेवू नका, हळद-हिंग सगळ्यांवर कुरघोडी करतात.

हेफेवायझनमध्ये केळं घालतात का?

नाही. त्या यीस्टचं काम आहे ते. आंबताना ते जे एस्टर, म्हणजे वासाचं रसायन, तयार करतं तेच पिकलेल्या केळ्यातही असतं, म्हणून राजेळी केळ्याचा भास होतो. लवंगेचा वासही यीस्टचाच.

विटबिअरमध्ये मात्र खरोखर मसाला पडतो: संत्र्याची वाळवलेली साल आणि धने. होय, आपले धने. बेल्जियममधल्या हूगार्डन गावात हा प्रकार विसाव्या शतकाच्या मध्यात बंद पडला होता. पिएर सेलिस नावाच्या तिथल्याच माणसाने १९६० च्या दशकात तो पुन्हा उभा केला. त्याच्या नावाने एकदा विटबिअरसोबत कोथिंबीर वडी खाऊन बघा.

आयपीए खरंच भारतासाठी बनवली होती का?

नावात ‘इंडिया’ आहे आणि किस्सा सांगायला छान आहे: गोऱ्या साहेबासाठी बिअर जहाजातून यायची, वाटेत नासायची, म्हणून कुणीतरी हुशारीने हॉप्स वाढवले. खरं एवढं सरळ नाही. भरपूर हॉप्सची, मुरवायची बिअर इंग्लंडात आधीपासून होती. लंडनच्या पूर्वेला बो इथल्या हॉजसनची ब्रुअरी ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांच्या गोद्यांजवळ होती आणि तो कप्तानांना उधारीवर माल द्यायचा, हे त्याचं खरं भांडवल. केप ऑफ गुड होपला वळसा घालून चार-सहा महिने हेलकावे खात आलेली पिंपं मुंबई-कलकत्त्याला उतरेपर्यंत उलट छान मुरायची. पुढे १८२० च्या दशकात इंग्लंडातल्याच बर्टन गावच्या ब्रुअरांनी हा धंदा ओढून घेतला. तिथल्या पाण्यात जिप्समचं प्रमाण जास्त, त्याने हॉप्सचा कडूपणा स्वच्छ उठतो. आणि शिपाईगडी बहुतेक काळी पोर्टरच पीत. पेल एल साहेबाची.

आज कॅनमध्ये मिळणारी आयपीए अमेरिकन हॉप्सची, फळांच्या वासाची असते. हॉजसनला ती ओळखूही आली नसती.

लेबल लपवून चाखायची का?

एकदा तरी कराच. यजमानाने स्वयंपाकघरात ओतायची, ग्लासाखाली आकडा लिहिलेली चिठ्ठी. आणखी मजा हवी असेल तर तीन ग्लास द्या, दोनांत एकच बिअर, तिसऱ्यात वेगळी, आणि वेगळी ओळखायला सांगा. स्वतःला जाणकार समजणाऱ्यांची इथे दांडी उडते. आमच्यातला एक जण मोठ्या कंपनीच्या साध्या लागरला ‘बाजारू’ म्हणून हिणवायचा. लेबल झाकल्यावर त्याने तिलाच पहिला नंबर दिला. तो मी होतो.

बिअर बिघडली आहे हे कसं ओळखायचं?

ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर जुनी झाली, हवा लागली. लोण्याचा किंवा पॉपकॉर्नचा आला तर आंबवण नीट पूर्ण झालेलं नाही. उकडलेल्या मक्याचा किंवा कोबीचा, हिरव्या सफरचंदाचा, हेही दोषच, जरी काही प्रकारांत थोडेसे चालतात.

सगळ्यात ओळखू येणारा दोष उन्हाचा. प्रकाश हॉप्समधल्या कडू द्रव्यांवर पडला की एक गंधकी रसायन तयार होतं. इंग्रजी पुस्तकं त्याला स्कंकचा वास म्हणतात. हा प्राणी आपल्या अंगणात कधी आला नाही. आपल्यासाठी खूण अशी की सिलिंडरचा गॅस गळला तर कळावं म्हणून त्यात जे मिसळतात, त्याच्याच कुळातलं हे. तपकिरी काच बरंच थांबवते, हिरवी आणि पांढरी जवळजवळ नाही, कॅन पूर्ण. खेळ म्हणून हिरव्या बाटलीतली एक लागर दुपारी गॅलरीत तासभर ठेवा, पुन्हा थंड करा आणि न तापलेल्या जोडीदारिणीशेजारी हुंगा. हा वास एकदा कळला की माणूस विसरत नाही.

खायला काय?

चाखणं चालू असताना काही नाही. पाचही झाल्या की मग आवडती बिअर पुन्हा ओता आणि चखणा काढा.

पिल्सनरबरोबर चकली, खारे दाणे, बोंबील फ्राय: तेलकटपणा बुडबुडे धुऊन काढतात. बाकरवडीच्या गोड-तिखटाला अंबर एल. स्टाऊटला सुकं मटण, आणि गोडात काळी चॉकलेट बर्फी. झणझणीत मिसळ आणि आयपीए ही जोडी लोक हौसेने करतात. हॉप्सचा कडूपणा तिखट आणखी भडकवतो, दुसऱ्या घासाला डोळ्यांतून पाणी. मिसळीला हेफेवायझन द्या, ती समजूत घालते. ग्रेट स्टेटची खारवलेली कोकम एल मिळाली तर सुरमईबरोबर. बाकी कशाबरोबर मला ती झेपत नाही.

टोळीत न पिणारे आहेत. त्यांचं काय?

त्यांना ‘कोल्ड्रिंक आणलंय तुझ्यासाठी’ म्हणून कोपऱ्यात बसवू नका. हुंगायला प्यावं लागत नाही, काकूंनी दाखवलंच. त्यांच्यासाठी कोकम सोडा, आल्याचं सरबत, शून्य अल्कोहोलची बिअर असे तीन-चार प्रकार तसेच छोट्या ग्लासांत मांडा. आमच्यातली न पिणारी मैत्रीण वही सांभाळते. तिचे शेरे सगळ्यात वाचनीय असतात.

बिअर शाकाहारी असते का?

धान्य, हॉप्स, पाणी, यीस्ट, एवढंच असेल तर हो. काही ब्रिटिश पारंपरिक एल माशाच्या वाताशयापासून काढलेल्या आयसिंग्लासने निवळतात. काही स्टाऊटमध्ये दुधातली साखर असते. कुणाला पथ्य असेल तर लेबल वाचा.

परवाना, वय, कायदा?

महाराष्ट्रात दारू बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो. कायदा १९४९ चा आहे आणि अजून लागू आहे. एका दिवसाचा परवाना दुकानातच मिळतो, वर्षाचा किंवा आजन्म काढून ठेवला तर कटकट संपते. सौम्य बिअर आणि वाइनसाठी वय २१, त्यापुढच्या मद्यासाठी २५, म्हणून सगळे पंचविशीपुढचे असले तर प्रश्नच नाही. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे. तारीख ठरवताना कोरडे दिवस बघा: गांधी जयंती, आषाढी एकादशी, मतदानाचे दिवस.

मित्रांनी मिळून वर्गणी काढून आणणं वेगळं आणि तिकीट लावून अनोळखी लोकांना पाजणं वेगळं. दुसरं म्हणजे विक्री, तिला लायसन्स लागतं. घरी बिअर बनवणंही विनापरवाना चालत नाही, हा प्रश्न मला दर वेळी एक तरी इंजिनिअर विचारतो.

आणि गाडी. १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅम अल्कोहोल ही हद्द आहे आणि अर्धा लिटर बिअरने ती सहज ओलांडली जाऊ शकते. पहिल्याच गुन्ह्याला दहा हजारांचा दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. आमच्याकडे किल्ल्या आल्याबरोबर फ्रिजवरच्या डब्यात पडतात. परत सकाळी, चहाबरोबर.

उरलेल्या बिअरचं काय करायचं?

गॅस गेलेली लागर बेसनात घालून कांदाभजी करा, भजी हलकी होतात. उरलेली आयपीए घालू नका, कडू होतात, आम्ही खाल्ली आहेत. रिकाम्या बाटल्या विसळून ठेवा, आमचा भंगारवाला त्या घेऊन जातो, कॅन वेगळे मागतो, आणि दर वेळी पिशवीत डोकावून विचारतो, “साहेब, एवढ्या प्रकारच्या? एकच चांगली मिळाली नाही का?”